डबी

पावसाळ्याआधी चर्चचं छप्पर शाकारायचं म्हणून जमवलेली वर्गणी रात्रभर माझ्या कपाटात राहिली. झोप येईना. चोराचं भय नव्हतं. पैसा हळूहळू आपलाच वाटू लागेल, ह्याचं होतं.

पडल्या पडल्या बिश्रामपूर आठवलं. रायपूरपासून फार लांब नसलेल्या त्या गावी १८६८ साली मिशनरी ऑस्कर लोर यांनी मिशनचं ठाणं वसवलं. मिशनच गावाचा मालगुजार, म्हणजे जमीनदार. शेतसारा घेणारा आणि आशीर्वादाला उठणारा हात एकच! त्या साहेबांना शांत झोप लागत असेल?

योहानाच्या शुभवर्तमानात शिष्यांच्या पैशांची डबी त्यांच्यातल्याच यहूदाकडे असते. तो त्यातून चोरतो, हेही तिथंच आहे. येशूला ठाऊक असणारच. मग डबी काढून का घेतली नाही? भरवसा म्हणून, की अजून वेळ आहे म्हणून?

पाळकसाहेबांना विचारलं. म्हणाले, ‘‘आधी पावतीपुस्तक दाखवा.’’