पंड्याच्या वहीत आपलं नाव का नाही?



वंशावळ हा शब्द आमच्या घरात आजवर एकाच कामासाठी निघत आला. कुणाला तरी ॲडमिशन किंवा नोकरी मिळायची, जात पडताळणीचा अर्ज भरायचा असायचा, मग पणजोबांपासून खाली नावं लिहून प्रतिज्ञापत्र करायचं. "१० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा" हे वाक्य आपल्या प्रत्येक घराला पाठ आहे. अनुसूचित जातींचा आदेश त्या दिवशी निघाला म्हणून ती तारीख. आमचंही झाड तिथंच, पणजोबांपाशी थांबायचं. त्यांच्या वर कोण, हे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही शोधलं नाही, कारण अर्जाला तेवढं पुरत होतं.

दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत नोकरीला असलेल्या आमच्या आतेभावानं भावंडांच्या ग्रुपवर एक गोष्ट लिहिली. त्याच्या ऑफिसातल्या एका कृष्णवर्णीय सहकाऱ्यानं आपले पूर्वज तिथल्या जनगणनेच्या कागदांत घरबसल्या शोधले होते. तिथं ७२ वर्षं झाली की जनगणनेचे मूळ कागद नावांसकट खुले होतात. १९५० चे कागद २०२२ साली खुले झाले. त्या सहकाऱ्याला १८७० सालापर्यंत पोहोचता आलं, त्यामागे मात्र भिंत लागली. १८५० आणि १८६० साली गुलामांची मोजणी वेगळ्या तक्त्यात झाली होती. त्यात मालकाचं नाव आहे, आणि त्याच्या खाली गुलामांचं फक्त वय, लिंग आणि रंग. माणूस मोजला, पण त्याचं नाव लिहिलं नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, ते दोन्हीकडच्या माणसांचं दुःख एका जातीचं आहे हे ओळखूनच. आतेभावानं शेवटी विचारलं होतं, "आपली भिंत कुठं आहे?"

आम्ही शोधायला बसलो, आणि भिंत पहिल्याच पायरीवर लागली.

आपल्याकडं पहिली जनगणना १८७२ ची, आणि देशभर एकाच वेळी झालेली पहिली १८८१ ची. या सगळ्यांचे जुने अहवाल आज इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. १९३१ पर्यंतच्या तक्त्यांत जातवार आकडे आहेत. मुंबई इलाख्याच्या तक्त्यात सातारा जिल्ह्यासमोर महार किती, त्यात पुरुष किती, बायका किती, हे सापडतं. आमचे खापरपणजोबा त्या आकड्यातला एक आहेत. पण तो एक कोणता, हे कधीच कळणार नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे माणसागणिक भरलेले कागद कुणालाही पाहायला मिळत नाहीत आणि ते पुरावा म्हणूनही चालत नाहीत. अमेरिकेत ७२ वर्षांनी, इंग्लंडात १०० वर्षांनी जे दार उघडतं, तसं दार आपल्या कायद्यात नाही.

मग आम्ही वंशावळींच्या वेबसाइटकडं वळलो. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चची फॅमिलीसर्च नावाची फुकट साइट आहे. तिच्यावर भारताचं नाव टाकलं की एक मोठा साठा दिसतो: हरिद्वार आणि इतर तीर्थक्षेत्रांच्या पंड्यांच्या वह्यांची छायाचित्रं. कोणत्या घराण्यातला कोण कधी आला, कुणाच्या अस्थी घेऊन आला, त्याचा बाप कोण, आजा कोण, हे पिढ्यान् पिढ्या लिहिलेलं. ज्यांची नावं त्यात आहेत त्यांना आपली सात-आठ पिढ्यांची साखळी एका दुपारात मिळू शकते. त्या वहीत आम्ही आमचं नाव शोधायचंच नव्हतं, कारण ते तिथं का नाही हे बाबासाहेबांनी सांगून ठेवलं आहे.

१९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेब जनगणनेचाच कागद पुढं करतात. १९११ च्या जनगणनेच्या वेळी हिंदू म्हणवणाऱ्यांतून वेगळे समूह ओळखण्यासाठी दहा कसोट्या लावल्या होत्या. ब्राह्मणांचं श्रेष्ठत्व न मानणारे, वेदांचं प्रामाण्य न मानणारे, देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नसलेले, अशा त्या कसोट्या. त्यातली एक अशी, की ज्यांच्याकडं ब्राह्मण कुलोपाध्याय म्हणून जात नाही ते. म्हणजे ज्याच्या दारात उपाध्याय येत नाही, त्याचं नाव उपाध्यायाच्या वहीत कसं येणार? आज जगातल्या मोठ्या साइटवर 'भारताचा कौटुंबिक इतिहास' म्हणून जो साठा आहे, त्यातून कोण वगळलं गेलं हे त्या एका कसोटीत आहे. पुढं १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेताना श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची शपथ आपणच घेतली. आधी त्यांनी आपल्याला लिहिलं नाही, नंतर आपण त्यांच्याकडं जाणंच सोडलं.

मग आपली माणसं लिहिली कुठं गेली? मित्रांनो, आम्हाला मिळालेलं उत्तर कडू आहे. आपल्याकडून काम घ्यायचं होतं, रक्त घ्यायचं होतं, किंवा आपण मेलो तर मोजायचं होतं, तिथं आपली नावं आहेत.

पहिली जागा वतनाची. गावची हद्द दाखवणं, सरकारी वसुली तालुक्याला पोहोचवणं, मयताचा सांगावा नेणं, अशी कामं महाराच्या गळ्यात होती. वतन वंशपरंपरेचं, म्हणून वारस कोण हे लिहावं लागे. हिश्श्याचा वाद झाला की पिढ्या सांगाव्या लागत, आणि कारकून त्या उतरून घेई. ज्या वतनाला बाबासाहेब गुलामी म्हणत होते, जे मोडण्यासाठी त्यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल मांडलं आणि जे १९५८ च्या कायद्यानं गेलं, त्याच बेडीवर आमच्या पूर्वजांची नावं कोरलेली निघाली. एका तालुक्याच्या अभिलेख कक्षात आम्हाला आधी ऐकवलं गेलं, "तुमच्या लोकांचं काय रेकॉर्ड असणार?" तिसऱ्या खेपेला रुमाल सुटला. मोडी वाचणाऱ्या एका मित्रानं बोट ठेवून वाचलं: अमुकनाक बिन तमुकनाक, हिस्सा दीड आणा. 'बिन' म्हणजे मुलगा. बाईचं नाव असतं तेव्हा 'कोम', म्हणजे बायको. आमच्या घरात 'नाक' लावलेलं नाव कुणी ऐकलं नव्हतं. आम्हाला ते ओळखीचं होतं ते भीमा-कोरेगावच्या स्तंभावरून. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांच्या यादीत 'नाक' नं संपणारी नावं आहेत, आणि दरवर्षी आपण त्यांना मानवंदना देतो. तसंच नाव आमच्या घरातलं निघालं.

दुसरी जागा गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीची. गाव नमुना १४ म्हणतात तो हा, विदर्भात कोतवाल बुक. त्यात बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, मेला तर कशानं. त्यात आम्हाला आजीची थोरली बहीण सापडली. दोन वर्षांची, कारण 'ताप'. आजी पंच्याऐंशी वर्षं जगली, पण आपल्याआधी एक मुलगी होऊन गेली हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. नोंदीत मुलीचं नाव आहे, बापाचं आहे, आईचं नाही. आमच्या या सगळ्या शोधात बायका अशाच गळत राहिल्या. कागद बापाकडून बापाकडं जातो. आयांची नावं मिळाली ती फक्त म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून, आणि त्या आता मोजक्याच राहिल्यात.

तिसरी जागा शाळेची. जनरल रजिस्टरात आजोबांची जन्मतारीख १ जून लिहिली आहे, मास्तरांनी अंदाजानं टाकलेली. त्या पानावर निम्म्या पोरांचा जन्म १ जूनचा आहे. नाव आहे ते एकेरी, राव नाही की पंत नाही. पण हे एकेरी नाव हलकं समजू नका. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी अनुक्रमांक १९१४ समोर 'भिवा रामजी आंबेडकर' असं एक नाव लिहिलं गेलं, आणि तो दिवस आज आपण विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. वतनाच्या कागदात आपण कुणाचे तरी चाकर आहोत. शाळेच्या रजिस्टरात आपण पहिल्यांदा आपल्यासाठी हजर आहोत. म्हणून आमच्या घरच्या झाडात सगळ्यात मोलाचा कागद आम्ही हाच मानतो.

इथं एका सापळ्याबद्दल बोलायला हवं. आडनाव टाका आणि गोत्र, कुलदैवत, देवक मिळवा, अशा बऱ्याच साइट आहेत. जाधव, मोरे, शिंदे, पवार ही आडनावं मराठ्यांत आहेत तशी आपल्यातही आहेत. आपलं पोर आडनाव टाकतं, समोर राजवंश येतो, आणि त्याला वाटतं आपण मूळचे क्षत्रियच, मधे काहीतरी घात झाला. आपल्या बहुतेक घरांत दोन-तीन पिढ्यांपूर्वी कागदावर आडनावच नव्हतं. मग आडनावावरून हजार वर्षं मागं जाणारी वंशावळ येते कुठून? ती वरच्या पायरीवर उसनी जागा मागणारी वंशावळ आहे. बाबासाहेबांनी अस्पृश्यांचं मूळ शोधलं ते आपण कुणापेक्षा उच्च होतो हे दाखवायला नव्हे, अस्पृश्यता माणसांनी लादली आणि म्हणून ती मोडता येते हे दाखवायला. आपणही त्याच हेतूनं शोधलं पाहिजे.

काही कार्यकर्ते मित्र विचारतात, हे उकरायचं कशाला? १९५६ साली आपला नवा जन्म झाला, जुनं जातीचं गाठोडं पुन्हा डोक्यावर का घ्यायचं? प्रश्न खरा आहे. कुळाचा अभिमान मिरवण्यासाठी असेल तर नकोच. पण नवा जन्म कुणी घेतला, ते तर माहीत हवं ना? १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भागात बौद्ध अडीच हजारांच्या आत होते. १९६१ साली ते २७ लाखांच्या वर गेले. हा आकडा आपण भाषणांत सांगतो. त्यातला एक एक म्हणजे दारात आलेल्या प्रगणकाला 'बौद्ध लिहा' असं सांगणारा माणूस होता. गावात बलुतं बंद होईल, काम मिळणार नाही, हे माहीत असूनही सांगणारा. आमच्या घरी ते आजीनं सांगितलं, कारण आजोबा मुंबईला गिरणीत होते. वतनाच्या कागदात आमचे पूर्वज दुसऱ्यानं लिहिलेले आहेत. १९६१ च्या आकड्यात आजीनं स्वतःला लिहवून घेतलं. या दोन कागदांमधला फरक हाच आमच्या घराण्याचा इतिहास आहे, आणि जुना कागद हातात असल्याशिवाय तो दिसत नाही.

आता काय करायचं?

२०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली, अनेक जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदी संकेतस्थळावर टाकल्या. गावाचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर एकच असतं. कुणब्याची नोंद ज्या दप्तरात आहे, त्याच दप्तरात महार, मांग, चांभार, रामोशीही आहेत. आपल्या गावाचं नाव तिथं आहे का ते बघा. नकला मागा. प्रत्येक तालुक्यात आपल्या दोन-तीन पोरांनी मोडी शिकावी. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईसमोर आज संध्याकाळी फोनचं रेकॉर्डिंग लावून बसा आणि आधी आयांची नावं विचारा, मग बापांची.

आणि २०२७ ची जनगणना येते आहे. १९३१ नंतर पहिल्यांदा नियमित जनगणनेत सगळ्यांची जात मोजली जाणार आहे. प्रगणक विचारल्याशिवाय 'हिंदू' लिहून पुढं जाणार नाही, याकडं लक्ष ठेवा. धर्म बौद्ध लिहिल्यानं अनुसूचित जातीचा हक्क जात नाही, १९९० च्या दुरुस्तीनं तो प्रश्न मिटला आहे. ही भीती अजून वस्त्यांत आहे, ती घरोघरी जाऊन काढली पाहिजे.

सरकार त्या कागदावरचं आपलं नाव आपल्या नातवंडांना दाखवणार नाही. म्हणून त्याच दिवशी घरातल्या एका वहीत तारीख टाकून लिहून ठेवा: आज प्रगणक आला होता, घरात इतकी माणसं होतो, ही आमची नावं, ही आमच्या आयांची नावं, आणि धर्म आम्ही बौद्ध सांगितला. खाली सगळ्यांच्या सह्या. आमच्या खापरपणजोबांना अंगठ्याच्या पुढं जाता आलं नव्हतं, तुम्हाला येतं.