काकांच्या रिव्हॉल्व्हरची माशी

शहपुऱ्याहून काकांचा फोन आला, की तो बहुधा शेतातल्या मटारबद्दल असतो. 2023 च्या दिवाळीआधी मात्र ते म्हणाले, “अगं, माशी दिसत नाही. तुझ्या ओळखीत कुणी चांगला कारागीर आहे का?”

मी आधी स्वयंपाकघरातल्या माश्यांकडे पाहिले! मग आठवले. नळीच्या टोकाशी नेम धरायला जो लहानसा उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या खाचेतून तिच्याकडे पाहायचे. काकांचे .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर कानपूरच्या सरकारी कारखान्यातले, परवान्याचे. शेतावर एकटे घर, म्हणून घेतलेले. तीस वर्षांत एकदाही कुणावर रोखलेले नाही.

दिवाळीला गेले तेव्हा काकांनी उपाय ठरवूनच ठेवला होता. गावातल्या लोहाराकडून माशी घासून धारदार करायची! त्यांची नात जबलपूरला एअर पिस्तूल शिकते. (याच जबलपूरच्या रुबिना फ्रान्सिसने पुढे 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये 10 मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवले.) ती ताडकन म्हणाली, “आजोबा, माशी घासली की गोळी वर लागते. आणि घासलेले लोखंड परत चिकटत नाही.” शिवाय 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीसुद्धा परवाना असलेल्यानेच करायची असते. लोहाराचे नाव बाद झाले.

मग तिने मला समजावले, “आत्या, डोळा एका वेळी एकच अंतर स्पष्ट पाहतो. खाच, माशी आणि निशाण ही तीन अंतरे झाली. म्हणून माशी स्पष्ट ठेवायची, निशाण धूसर दिसले तरी चालते.” लहान शस्त्राचा घोळ आणखी वेगळा. खाच आणि माशी यांच्यात 10 सेंटिमीटर अंतर धरा. माशी एक मिलिमीटर सरकली, तर 10 मीटरवर गोळी 10 सेंटिमीटर बाजूला जाते. हेच अंतर 30 सेंटिमीटर असेल, तर चूक साडेतीनच्या आत राहते. काकांचा वाचायचा चष्माही कामाचा नव्हता. तो पुस्तकाच्या अंतराचा आणि माशी हातभर लांब.

शेवटी उपाय काकूंच्या कपाटात निघाला. काकांनी रिव्हॉल्व्हर उघडले, सहाही घरे रिकामी असल्याचे दोनदा दाखवले, गोळ्या आत कुलपात ठेवल्या. माशीवरचे तेल स्पिरिटने पुसले. डोळ्यांकडच्या बाजूला नातीच्या दप्तरातल्या व्हाइटनरचा पातळ हात दिला आणि तो वाळल्यावर वर काकूंची लाल नेलपॉलिश. पांढऱ्यावर लाल उठून दिसते आणि नको वाटले तर पुसून टाकता येते. “माझ्या नखांना कधी एवढ्या निगुतीने लावली नाहीत,” काकू म्हणाल्या. सगळे हसलो.

काकांनी रिकामे रिव्हॉल्व्हर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोखले, बोट घोड्यापासून लांब. “दिसतेय! चक्क दिसतेय!” त्यांचा चेहरा उजळला. नेम होता 14 तारखेवर.

मग ते गप्प झाले. लाल ठिपका 7 वर जात होता, तिथून 21 वर, परत 14 वर. त्यांनी श्वास रोखून पाहिला, दुसऱ्या हाताचा आधार घेतला. ठिपका काही थांबेना. इतकी वर्षे माशी धूसर होती, त्यामुळे हाताची थरथर त्यांना दिसलीच नव्हती. नातीने काहीतरी बोलायला तोंड उघडले, काकूंनी तिला डोळ्यांनी गप्प केले.

“थंडी आहे,” काका म्हणाले आणि रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळले. दिवाळीतली शहपुऱ्याची थंडी काही इतकी नसते.

2024 च्या लोकसभा निवडणुकीआधी त्यांनी ते ठाण्यात जमा केले. निकाल लागला, बाकीचे लोक आपापली शस्त्रे घेऊन गेले. मी फोनवर विचारले, तेव्हा काका म्हणाले, “आणू गं, सावकाश. यंदा मटार किती पाठवू?”