मधलं दार

पुण्याच्या कसबा पेठेतलं आमचं घर बघायला आलेल्या वास्तुरचनाकारांनी ओट्याखाली उभं राहूनच तोडगा सुचवला. "ताई, दर्शनी भाग आहे तसा ठेवू. फळ्या, खांब, कौलांची पडवी, कशाला हात लावायचा नाही. इमारत मागे उठवू." चुलतभावांना ते लगेच पटलं. वारसा राहील, पैसेही मिळतील. मला पटलं नाही. का, ते दाखवायला मी त्यांना दुकानातून आत नेलं.

दोन बोळ मिळतात तिथे, अगदी कोपऱ्यावर, पणजोबांनी किराणा दुकान थाटलं. ते दोन्ही बोळांकडे उघडं आहे. गाडीचा आख भिंतीला घासू नये म्हणून कोपऱ्याशी एक उभा दगड पुरलेला आहे. शटर कधी बसवलंच नाही. सागवानी फळ्या खाचेतून एकेक सरकवायच्या. प्रत्येकीवर आकडा कोरलेला, आणि क्रम चुकला तर शेवटची फळी बसत नाही.

यातली एक फळी उलटी करून मी त्यांना दाखवली. आतल्या बाजूला आजोबांच्या हातचा, तेलरंगातला तक्ता आहे : एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. १ एप्रिल १९५७ ला नये पैसे सुरू झाले तेव्हाचा. आण्याला सव्वासहा पैसे पडतात, पाव पैसा देणार कसा? म्हणून एका आण्याला सहाच, आणि तीन आण्यांना एकदम एकोणीस. या एका पैशावरून ओट्यावर रोज हुज्जत व्हायची, असं आजी सांगायची. त्याखाली, बहुधा नंतर लिहिलेलं, 'शेर = ९३३ ग्रॅम'. दशमान पद्धत आमच्या बोळात कशी आली, त्याचा हा अस्सल कागद आहे. फक्त तो लाकडावर आहे आणि रस्त्यावरून दिसत नाही.

पण मला दाखवायचं होतं ते मधलं दार. गादीच्या मागे, माजघरात उघडणारं, वाकून जावं लागेल इतकं बुटकं. उंबरठा एका बाजूनं झिजलेला. दाराशेजारी भिंतीत वीतभर खिडकी आहे, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. तिच्यामागे आजी बसायची. आजोबा माल तोलत आणि नाव पुकारत, आजी आतून उधारी लिहून घेई. रोजकीर्द आणि खतावणी दोन्ही तिच्या अक्षरात आहेत. कोनाड्यात दौत ठेवायची जागा आहे, तिथला डाग चुन्याचे हात मारूनही गेलेला नाही. पाटीवर नाव आजोबांचं, हिशेब तिचा. तिनं हे दुकान चालवलं याचा पुरावा म्हणून आज वह्यांशिवाय ही खिडकी आणि तो डाग, एवढंच उरलं आहे.

रात्री फळ्या लागल्या की दुकान बंद व्हायचं, पण घर बंद व्हायचं नाही. तान्ह्या पोराच्या पोटात दुखतंय म्हणून ओवा, बाळंतिणीसाठी सुंठ, असं काही मागायला लोक बोळातल्या दाराची कडी वाजवत. कुणी ना कुणी कंदील घेऊन मधल्या दारानं दुकानात जाई. घर मागे नसतं तर हे झालं नसतं.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि पुराचं पाणी घरात शिरलं. बळदातलं धान्य कुजलं, मातीच्या भिंती विरघळल्या, लाकडी सांगाडा तेवढा उभा राहिला. खांबावरची पाण्याची रेघ अजून पुसट दिसते. मधली भिंत आजोबांनी विटांत पुन्हा बांधली, हातात पैसा नसताना. आणि खिडकी त्याच जागी, त्याच उंचीवर ठेवून घेतली. त्यांना तिचं मोल कळलं होतं, म्हणून मला त्या खिडकीचं जास्त वाटतं.

मुंबईत वारसा नियमावली १९९५ ला आली. पुण्यातही यादी आहे, श्रेणी आहेत. विश्रामबागवाडा, नानावाडा जपले पाहिजेतच. पण साध्या दुकान-घराकडे बघताना नजर नक्षी शोधते, आणि आमच्याकडे नक्षी फारशी नाही. आमच्याकडे आहे ते धंदा आणि संसार यांचं एकमेकांत गुंतलेलं असणं. मधलं दार पाडून फळ्या ठेवल्या तर उरेल ती शोभा. तिला मी वारसा म्हणणार नाही.

वास्तुरचनाकार मोठ्या मनाचे निघाले. खाली मांडी घालून त्यांनी खिडकीचं माप घेतलं. भावांशी बोलणी लांबली, शब्दही झाले. अखेर ठरलं : दुकान, माजघर आणि वरचा माळा दुरुस्त करून ठेवायचा, मागचा पडका भाग तेवढा नव्यानं बांधायचा. प्रत्येकाच्या वाट्याला कमी येईल. ते सगळ्यांनी लिहून मान्य केलं आहे.

तुमचंही असं कोपऱ्यावरचं दुकान-घर असेल, तर सही करण्याआधी दुकान आणि घर एकाच कागदावर मापात काढून घ्या. फळ्यांच्या आतल्या बाजू बघा. वह्या रद्दीत घालू नका. आणि वारशाच्या याद्या करणाऱ्यांना विनंती : ओट्यावरून फोटो काढून परत जाऊ नका, आत या.