समुद्र, सूर्यास्त आणि सव्वापाचचे जेवण



लेकीने आम्हा दोघांसाठी गणपतीपुळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये दोन रात्रींचे बुकिंग केले, तेव्हा सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला, "तिथे जाऊन करणार काय?"

तो टोमणा नव्हता. सासूबाईंना रत्नकरंडक श्रावकाचार पाठ आहे. आचार्य समंतभद्रांनी त्यात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यातला शेवटचा प्रमादचर्या. कारण नसताना जमीन उकरणे, पाणी उडवणे, विस्तव पेटवणे, वारा घालणे, झाडे-पाने तोडणे, उगाच भटकणे आणि दुसऱ्यालाही भटकायला लावणे. आता समुद्रावरची सहल डोळ्यांसमोर आणा. वाळूचे किल्ले, लाटांतले खेळ, रात्रीची शेकोटी, किनाऱ्यावरची भटकंती. रिसॉर्टची जाहिरात आणि ही यादी शेजारी शेजारी ठेवली तर फारसा फरक दिसणार नाही!

पण आचार्यांनी त्यात एक शब्द घातला आहे, 'विफल'. म्हणजे ज्यातून काहीच निष्पन्न होत नाही ते. आपण संसारी माणसे. पाणी, विस्तव, जमीन यांच्याशिवाय आपला एक दिवस जात नाही. म्हणून प्रश्न एवढाच उरतो की केले ते कशासाठी. सासूबाईंनीही तेच विचारले होते, आणि निघताना माझ्याकडे त्याचे नीट उत्तर नव्हते. म्हटले, आल्यावर सांगते.

तयारी आपली नेहमीचीच. रिसॉर्टला आधी फोन करून तीन गोष्टी विचारून घेतल्या. मासे शिजतात त्या भांड्यांत आमचे करू नका, चालेल का? कांदा, लसूण, बटाटा वगळून काय होईल? आणि संध्याकाळचे जेवण सव्वापाचला मिळेल का? पहिल्या दोन्हींना लगेच हो आले. तिसऱ्याला पलीकडून विचारले, "म्हणजे नाश्ता का?" मी म्हटले, "नाही, जेवणच." मग आमचा तवा, एक कढई, पाण्याचे गाळणे, छोटी किटली, दशम्या आणि बिनलसणीच्या भडंगाचा डबा घेऊन आंबा घाट उतरलो.

मला सांगायचे आहे ते मधल्या दिवसाबद्दल. फेब्रुवारीचा पहिला आठवडा, आडवार, त्यामुळे गर्दी नव्हती. सकाळी खोलीच्या पूर्वेच्या खिडकीशी उभी राहिले. घाटापलीकडे आपले कुंभोज-बाहुबली आहे असे मनात धरून हात जोडले आणि णमोकार म्हटला. तिथला नाश्ता आठला सुरू होतो, सूर्योदयानंतरच्या आपल्या दोन घटकाही त्याच सुमारास भरतात. सकाळी आपले आणि रिसॉर्टचे घड्याळ जुळते, बिनसते ते संध्याकाळी. स्वयंपाकघरातल्या मावशींनी आमच्या तव्यावर घावन घातले. घावनाचे पीठ आयत्या वेळी भिजवतात, आंबवत नाहीत. म्हणून आंबोळीपेक्षा आपल्याला हे बरे.

मग किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. ओल्या वाळूवर मोहरी-मिरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी पसरलेली. ती बारीक खेकड्यांची करामत. पाणी ओसरले की ते बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घेऊन तिच्यातले अन्नाचे कण काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. पुढच्या भरतीला सगळे पुसले जाते, ओहोटीला पुन्हा सुरू. ते बघितल्यावर आम्ही वाट बदलली आणि कोरड्या कडेने चालू लागलो. मुनिमहाराज चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती आपण प्रवचनात ऐकतो. इथे ती पायाखालीच होती. आणि असे बघून चालायचे म्हटले की चाल आपोआप मंदावते. आमचे हे एरवी माझ्या दहा पावले पुढे असतात. त्या सकाळी बरोबरीने चालले.

गणपतीपुळ्याचा समुद्र उतरता आणि ओढीचा आहे, पोहण्यासाठी धोक्याचा. म्हणून पाण्यात शिरायचा प्रश्नच नव्हता. लाट येऊन पाय भिजवून गेली, तेवढ्यावर समाधान. शहाळे घेतले, शिंपले मात्र उचलले नाहीत. आत कोणी राहत असेल तर?

दुपारी हे झोपले. मी सामायिक केले आणि नंतर नुसती बसून राहिले. हा प्रमाद का, असे कुणी विचारेल. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादापासून सुरू होते, तेव्हा शब्द हलका नाही. पण प्रमाद म्हणजे असावधपणा. थकलेल्या देहाला टेकू देणे वेगळे. उलट दमलेल्या बाईच्या हातूनच पाणी गाळायचे राहते, धान्य निवडताना नजर चुकते आणि तोंडून कडू शब्द जातो. विश्रांतीने सावधपणा परत येत असेल तर ती आपल्या धर्माच्या आड येत नाही.

आता संध्याकाळ. माझा आजन्म रात्रीभोजनत्याग आहे. 11 वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात माताजींकडून नियम घेतला. यांचा नाही. दुकान बंद करून यायला यांना नऊ होतात. मी सासूबाईंबरोबर दिवस असताना जेवते, यांचे ताट झाकून ठेवते, ते आले की गरम करून वाढते आणि समोर बसते. भांडण नाही, तक्रार नाही. पण 11 वर्षांत संध्याकाळचे ताट आम्ही एकत्र घेतलेले बोटांवर मोजता येईल. आपल्यापैकी कितीतरी घरांत हेच चालते आणि आपण म्हणतो, नियमामुळे असे होते.

त्या दिवशी सूर्यास्त साडेसहाच्या पुढे होता. दोन घटका म्हणजे 48 मिनिटे आधी थांबायचे, म्हणून सव्वापाचला बसायचे ठरले. जेवणघरात आम्ही दोघेच. भात, हिंग-जिऱ्याच्या फोडणीचे कुळथाचे पिठले, कच्च्या केळ्याची भाजी, सोलकढी. सोलकढी नारळाच्या दुधाची, तेव्हा पिठल्याबरोबर द्विदलाचा दोष नाही. लसूण मावशींनी आठवणीने वगळली होती. मी यांना म्हटले होते, "तुम्ही सावकाश आठला जेवा, मी सोबत बसेन." हे म्हणाले, "अगं, आज दुकान कुठे आहे?" आणि माझ्याबरोबर ताटावर बसले.

बस, एवढेच. यांनी नियम घेतला नाही, मी सुचवलाही नाही. पण ताटावर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आले की आमची ताटे वेगळी केली होती ती दुकानाच्या शटरने. नियम बिचारा 11 वर्षे उगाच दोष घेत होता.

जेवून, तोंड धुऊन किनाऱ्यावर येऊन बसलो तरी सूर्य वर होता. मैत्रिणींनो, आपल्याला सूर्यास्त नवा नाही. पंचांगातली त्याची वेळ आपल्याला तोंडपाठ असते. पण आपल्यासाठी तो घड्याळाचा काटा आहे. भाकरी उरकायची, सासूबाईंना वाढायचे, आपण दोन घास खायचे, पाणी पिऊन घ्यायचे. तो मावळतो तेव्हा आपण ओट्याशी असतो. त्या दिवशी हातात काही काम नव्हते आणि मागे काही राहिलेले नव्हते. तो पाण्याला टेकला, चपटा झाला, गेला. आजूबाजूची मंडळी फोटो काढून भजी खायला उठली. आम्ही अंधार पडेपर्यंत बसून राहिलो. लेकीच्या लग्नाचा विषय तीन महिने अडला होता, तो तिथे अर्ध्या तासात बोलून झाला.

रात्री नऊला यांना भूक लागली. सवय थोडीच एका दिवसात जाते! मी भडंगाचा डबा काढून दिला आणि समोर बसले. नियम माझा आहे, त्याचे ओझे यांच्यावर नको आणि त्याचा अभिमान मला नको.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितले, "दोघांनी बसून जेवलो आणि सूर्यास्त बघितला." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे विफल नव्हते."

दुकान सोमवारी बंद असते, पण वसुलीच्या फेरीत यांना उशीर व्हायचा. आता सोमवारी साडेपाचला तीन ताटे घ्यायची असे ठरले आहे. पहिला सोमवार साधला. दुसऱ्या सोमवारी फोन आला, "तुम्ही बसून घ्या, मला वेळ आहे." पुढच्या सोमवारी मुगाची आमटी करणार आहे, यांना आवडते. बघू.