ओळखीचा वैरी

कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना वयाच्या ९ व्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाहबद्ध झाली आणि सासरी आनंदी झाली. १४ व्या वर्षी ती आई झाली. परंतु मूल अवघे १० दिवस जगले. वेळेवर औषधोपचार लाभते तर ते वाचते, ही रुखरुख त्या मातेच्या मनातून जाईना. आपणच डॉक्टर व्हावे, असे तिने ठरवले.

याच काळात तिकडे बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख हे क्षयरोगाचे कारण शोधत होते. हा रोग फार पुरातन. आपल्या वैद्यांनी त्यास राजयक्ष्मा म्हटले. दक्षाच्या शापामुळे तो चंद्रालाही जडला, अशी पुराणकथा आहे. २४ मार्च १८८२ रोजी कॉख यांनी शास्त्रज्ञांच्या सभेत खरा अपराधी दाखवला. तो होता बारीक काडीसारखा एक जंतू! त्याच्या अंगावर मेणचट आवरण असते, म्हणून तो सहजासहजी रंग धरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसावा, यासाठी कॉख यांना रंगवण्याची निराळी रीत योजावी लागली. कित्येक जंतू अर्ध्या तासात एकाचे दोन होतात. यास मात्र जवळजवळ एक दिवस लागतो. पण ही मंद चालच घातक. रोगी महिनोन्‌महिने चारचौघांत वावरतो, खोकतो, आणि खोकल्यासरशी उडालेल्या सूक्ष्म तुषारांबरोबर जंतू हवेत पसरतात.

पुढच्याच वर्षी, ७ एप्रिल १८८३ रोजी, आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयात त्यांना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. परंतु तोवर क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. केवढा हा दैवदुर्विलास! वैरी कोण, हे वैद्यकास कळून चुकले होते. त्याला मारणारे औषध मात्र जगात कोणापाशीच नव्हते. विश्रांती, सकस अन्न, मोकळी हवा, एवढीच काय ती शस्त्रे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. वयाची २२ वर्षेही पुरी झाली नव्हती.

ज्या न्यू जर्सी राज्यात कार्पेंटर कुटुंबाने आनंदीबाईंना लेकीप्रमाणे घरात ठेवून घेतले, त्याच राज्यात १९४३ साली, मातीत राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन मिळाले. क्षयाच्या जंतूवर चालणारे ते पहिले प्रभावी औषध. मध्ये ५६ वर्षे लोटली होती.

आज कल्याण, डोंबिवली, ठाणे येथील सरकारी दवाखान्यांत थुंकीची तपासणी आणि क्षयावरील औषधे विनामूल्य मिळतात. उपचार साधारणतः ६ महिन्यांचा असतो. दोनेक महिन्यांत खोकला थांबतो, अंगी बळ येते, आणि काही रोगी बरे झालो असे समजून गोळ्या सोडून देतात. मेणचट आवरणाचे काही जंतू त्या वेळी फुप्फुसात दबा धरून बसलेले असतात. ते पुन्हा वाढू लागले, म्हणजे पुष्कळदा पहिल्या औषधांना जुमानत नाहीत.