डिकीवरची पिवळसर अक्षरं

जुनी गाडी नव्याने उभी करायची म्हटलं, की सगळ्यांचं लक्ष आधी इंजिनाकडे आणि रंगाकडे जातं. डिकीवरची चकचकीत अक्षरं, म्हणजे गॅरेजच्या भाषेत मोनोग्राम, कुणाच्या खिजगणतीतही नसतात. रंगकामाच्या घाईत कुणीतरी पेचकस घालून ती उचकटतं आणि तिथेच त्यांचे तुकडे होतात.

आमच्याकडे बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे. मुळात ही कुर्ल्याच्या कारखान्यातली फिआट ११००; पद्मिनी हे नाव तिला १९७४च्या सुमारास मिळालं. बाबा गेल्यावर चार वर्षं ती कापडाखाली झाकून होती. दादा म्हणे विकून टाकू, आई म्हणे रस्त्यावर आणू. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, तेव्हा आईने धोशाच लावला. शेवटी तिचंच चाललं आणि मोनोग्राम काढण्याचं काम मी मागून घेतलं.

आधी फोटो काढले, अक्षरांच्या जागेची मापं लिहून ठेवली. अक्षरांच्या मागे बारीक खुंट्या असतात. त्या पत्र्याच्या भोकांतून आत जातात आणि आतल्या बाजूने स्प्रिंगच्या चकत्या त्यांना धरून ठेवतात. म्हणून हात घालायचा तो डिकीच्या आतून. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू दिलं आणि सकाळी एकेक चकती हलकेच सरकवली. बाहेरून जोर लावला, की ओतीव धातूची खुंटी कट्‌कन मोडते.

कोमट साबणाच्या पाण्यात धुतल्यावर खरी पारख होते. क्रोमचा थर अगदी पातळ असतो. त्याखाली निकेल, त्याखाली तांबं आणि तळाशी जस्ताचा मिश्रधातू. नुसता मळ असेल तर मऊ फडकं पुरतं. पिवळसर झाक दिसली, तर क्रोम झिजून निकेल उघडं पडलंय असं समजावं. तांबूस दिसलं, तर निकेलही गेलं. फोड येऊन पांढरी भुकटी निघाली, तर मात्र जस्तच खराब होतंय. तिथे पॉलिशचा उपयोग नाही.

आमच्या अक्षरांच्या कडा पिवळसर होत्या, दोन ठिकाणी बारीक खड्डे होते. प्लेटिंगवाला म्हणाला, "खड्डे भरून, बफ मारून नवीकोरी करून देतो." पण बफ मारताना धातूही घासला जातो, अक्षरांच्या रेखीव कडा बोथट होतात.

दादा म्हणाला, "एवढा खर्च करतेयस, मग हेच जुनाट कशाला?" प्रश्न रास्त होता. मी आईकडे बघितलं. तिने मोनोग्राम पदराने पुसला आणि म्हणाली, "दर दसऱ्याला पुसून पुसून ह्यांनीच तो पिवळा केलाय गं. राहू दे तसाच."

पोलादी बंपर गंजाने पोखरला जात होता, म्हणून तो प्लेटिंगला दिला. अक्षरांना फक्त मेण लावलं आणि नव्या रंगावर, जुन्याच भोकांत बसवली. पहिली फेरी दादानेच मारली. विकण्याचा विषय त्याने पुन्हा काढलेला नाही.

तुमच्या दारातही अशी एखादी गाडी उभी असेल, तर तिचं नाव काढायला घाई करू नका. आधी धुवा, नीट बघा. घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा आणि मगच ठरवा, काय नवं करायचं आणि काय तसंच ठेवायचं.