बुडीत खातं

दादाची वही लाल खारव्याची आहे. उभी, लांब, मधोमध दुमडणारी. आण्णांच्या गुळाच्या अडतीवर दिवाळीत ज्या वह्यांची पूजा व्हायची, त्यांतलीच एक. १९७३ च्या दिवाळीत एक वही जास्तीची आली आणि दादानं ती मागून घेतली. पहिल्या पानावर 'श्री', त्याखाली हळदकुंकवाचे डाग आणि त्याखाली आण्णांच्या वळणाची नक्कल करत लिहिलेलं : 'खातं – इंद्रजाल.'

दादा तेव्हा अकरा वर्षांचा होता, मी सात. त्याला यादी करायची एकच रीत ठाऊक होती, ती आण्णांची. डावीकडं जमा, उजवीकडं नावे. 'इंद्रजाल' या चित्रकथा-मालिकेचा विकत घेतलेला, बदली करून मिळवलेला, रद्दीतून उचललेला प्रत्येक अंक जमेला. वर्गातल्या कुणी वाचायला नेला की त्याच्या नावे. परत आला की पुन्हा जमा. शेवटचा रकाना शेऱ्याचा, आणि खरं सांगायचं तर सगळी वही त्या रकान्यासाठीच वाचावी. 'मुखपृष्ठ नाही.' 'मागची दोन पानं भजीवाल्याकडं गेली.' 'पान १७ नाही, शेवट तोंडी ऐकला.' कुणाच्या तोंडून ऐकला तेही कंसात आहे. हा तोंडी शेवट खोटा होता, हे आम्हाला सहा वर्षांनी दुसरी प्रत मिळाल्यावर कळलं. दादानं जुना शेरा खोडला नाही. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'थाप.'

आण्णांना हे थेर वाटायचे. "शाळंतलं गणित जमंना आन् भुताचं खातं काढलंय," म्हणायचे. पण एका रात्री दुकानाचा मेळ घालून झाल्यावर त्यांनी दादाची वही ओढून घेतली आणि बोट फिरवत बेरीज केली. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "एक अंक कमी हाय. हुडका." तो माझ्या गादीखाली होता. त्या दिवसापासून आमच्या घरात ते खातं मान्य झालं असं मी धरतो.

आज्जीचा विरोध वेगळ्या कारणासाठी होता. ली फॉक यांचा फँटम मराठीत वेताळ झाला होता. आमच्याकडं वेताळ म्हणजे वेशीबाहेरचा शेंदूर फासलेला दगड, अवसेला ज्याची पालखी निघते असा. त्याला जांभळ्या चड्डीत घोड्यावर बसवलेलं बघून तिनं पहिल्यांदा हात जोडले आणि मग अंक देवघराजवळ ठेवायचा नाही असं बजावलं. त्यात घरी 'चांदोबा'ही यायचा. त्यातला वेताळ विक्रमाच्या खांद्यावर लोंबकळणारा, शंकर या चित्रकारानं काढलेला. एकाच कपाटात दोन वेताळ. दादानं सूचीत तोडगा काढला : 'वेताळ (गोरा)' आणि 'वेताळ (प्रेत).' पुढं मी ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास केला, ड्युई दशांश पद्धतीत चित्रकथांना ७४१.५ हा वर्गांक आहे हे पाठ केलं, पण दोन वेताळांचा प्रश्न इतक्या सोप्या रीतीनं सोडवलेला कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडला नाही.

खरी अडचण मुखपृष्ठांची. अंकाचा क्रमांक मुखपृष्ठावर, आणि सगळ्यात आधी जातं ते मुखपृष्ठच. भाड्यानं पुस्तकं देणारे तर आठ-आठ अंक एकत्र शिवून, मुखपृष्ठं काढून, वर खाकी पुठ्ठा चढवायचे. दहा पैसे रोज. असा एक गठ्ठा दादानं विकत आणला आणि त्यातल्या आठ कथांना क्रमांक लावण्यात अख्खी उन्हाळ्याची सुट्टी गेली. मी मोठ्यानं वाचायचं, त्यानं डोळे मिटून ऐकायचं आणि मध्येच सांगायचं, "हा बी. गोविंदचा. चित्र निळं होतं, कवटीची गुहा डाव्या हाताला." गोविंद ब्राह्मणिया. आतली चित्रं परदेशातून यायची, पण त्या काळातली कितीतरी मुखपृष्ठं या आपल्या माणसानं रंगवलेली, आणि पुढं १९७६ मध्ये आबिद सुरतींचा 'बहादूर' आला तो गोविंदच्याच रेषेत. केशरी कुर्ता आणि जीन घातलेला नायक. बहादूरला वहीत वेगळं पान आहे. आण्णांनी वाचलेला बहुधा तेवढाच एक.

आता १२३ आणि १२४.

इंद्रजाल १९६४ च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी सुरू केलं. जे निघून गेलं होतं त्यासाठी दादानं वहीत ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. हळूहळू त्या भरत गेल्या. काही ओगलेवाडीला मिळाले. आमच्या कराडचं स्टेशन कराडात नाही, ओगलेवाडीत आहे, जिथल्या काचकारखान्यातून प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर गेले. दादा सायकलवर मला डबलसीट घेऊन तिथं जायचा, कारण गाडीत वाचून झालेला अंक लोक फलाटावर टाकून जातात असा त्याचा सिद्धांत होता. सिद्धांत तीनदा खरा ठरला. काही कोल्हापूरला, काही मिरजेला रद्दीत. पण १२३ आणि १२४ कुठंच नाहीत. ज्याच्याकडं १२२ आहे त्याच्याकडं १२५ आहे, मधले दोन नाहीत. वर्गातल्या एकानं 'आमच्या मामाकडं पुण्याला आहेत' असं सांगून दादाकडून चार अंक वाचायला नेले, आणि ते आजही त्याच्या नावे आहेत.

१९७५ साली कराडला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, देशात आणीबाणी. त्या व्यासपीठावर काय घडलं त्यावर पुस्तकं लिहिली गेली. आम्ही दोघं त्या गर्दीत होतो. गाव साहित्यानं भरून गेलं होतं आणि दादा १२३ विचारत फिरत होता. एका विक्रेत्यानं त्याला श्यामची आई दाखवली.

हे दोन अंक निघालेच नव्हते, हे आम्हाला कळलं दादाचे केस पिकल्यावर. पुण्याच्या एका संग्राहकानं त्याची यादी दाखवली. त्यात दोन्ही ओळींवर आडवी रेघ आणि पुढं एकच शब्द, 'संप'. कामगारांचा संप झाला, अंक छापले गेले नाहीत, आणि पुन्हा सुरू झालं ते थेट १२५ पासून. १९९० मध्ये मालिका बंद पडली तेव्हा मोजणी ८०५ वर पोचली होती. प्रत्यक्षात अंक ८०३. मी ते ऐकून हसलो. दादा हसला नाही. तो म्हणाला, "म्हणजे त्या दोन ओळींत आपण काही चुकलो नव्हतो."

मोजणीचा आणखी एक घोळ १९८३ चा. ४४३ पर्यंत सरळ चालत आलेला आकडा थांबला आणि 'खंड २०, अंक १' सुरू झालं. दादा हैराण. आण्णांनी मात्र एका वाक्यात उलगडलं : "चौसष्टपासनं मोज, विसावं वर्ष हाय. वर्ष बदललं की नवी वही, त्यात काय!" अमर चित्रकथेनंही असंच केलंय. इंग्रजीतली मालिका ११ व्या क्रमांकाच्या 'कृष्णा'पासून सुरू झाली, राम वाईरकरांच्या चित्रांची, आणि पुढच्या पुनर्मुद्रणांत तोच कृष्ण ५०१ झाला. दादाच्या वहीत तो दोन्ही आकड्यांनी आहे, आणि तेच बरोबर आहे. प्रकाशकानं क्रमांक बदलला म्हणून घरातल्या अंकाचं नाव बदलत नाही.

अमेरिकेत रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी १९७० मध्ये कॉमिक्सच्या किमतींची मार्गदर्शिका काढली. आता तिकडं अंक तपासून, दहापैकी गुण देऊन, पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंद करतात. मग तो कुणी उघडत नाही. माझा पुतण्या हे कौतुकानं सांगत होता. फोनवर बारकोड टिपला की यादी आपोआप तयार होते म्हणे. आमच्या अंकांवर बारकोड नाहीत. वेखंडाचा वास आहे, कसरीची भोकं आहेत, टाचणीच्या गंजाचे दोन तांबडे ठिपके आहेत. आणि न उघडण्यासाठी अंक ठेवायचा, ही कल्पना मला देवघरातल्या कुलपासारखी वाटते. असेल आमचं अज्ञान.

नोकरीसाठी दादा फिरतीवर गेला तेव्हा एक पत्र्याची पेटी सांगलीला आक्काकडं ठेवली. गावभागात, तळमजल्यावर. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, हे बघायला लोक लांबून येतात. भेट झाल्यावर ते सगळं पाणी पुढं सांगलीला जातं, हे २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या नीट ध्यानात आलं. आम्ही इथं घाटावर पाणी चढताना बघत होतो आणि दोघांच्याही मनात ती पेटी होती. आक्का आणि भावोजी वरच्या मजल्यावर सुखरूप होते, म्हणून पेटीचा विषय फोनवर कुणी काढला नाही. आठवड्यानं आक्कानंच काढला. "तुझी भुतं भिजली रे," म्हणाली आणि रडली.

९४ अंक. गाळानं त्यांची एकच वीट झाली होती. कडेनं सुरी घालून पाहिलं, ऊन दिलं, पानापानांत कोरा कागद घातला. एका अंकाचं एक पान सुटं झालं, त्यावर फक्त घोड्याचे पाय.

त्या रात्री दादानं वही काढली. ग्रंथालयात अशा वेळी निर्लेखन करतात, दाखल नोंदवहीत शिक्का मारून क्रमांक कमी करतात. मी तसं सुचवलं. त्यानं ऐकलं नाही. आण्णांच्या वह्यांत एक पान असायचं, ज्यांच्याकडून उचल परत यायची आशा संपली त्यांचं. त्यावर मथळा असायचा 'बुडीत खातं.' दादानं तोच मथळा घातला आणि ९४ क्रमांक एकाखाली एक लिहिले. शेऱ्याच्या रकान्यात एकदाच, 'कृष्णा नदीच्या नावे.'

आता यादी मी संगणकावर घेतलीय. एकूण जमा ३१२, बुडीत ९४, लोकांकडं येणे १९, हातात १९९. मेळ बसतो. १२३ आणि १२४ च्या ओळी दादानं तिथंही ठेवायला लावल्या, कोऱ्या.

राहिले ते १९. त्यांच्यासाठी हा मजकूर. कराडात, विशेषतः सोमवार पेठेच्या आसपास, ज्यांचं शिक्षण १९८० च्या आगेमागे झालं, त्यांनी माळ्यावरची ट्रंक एकदा खाली घ्यावी. इंद्रजालचा एखादा अंक निघाला आणि पहिल्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईनं गोलात आकडा असेल, तर तो आमचा आहे. परत करू नका, नातवंडांना द्या. तेवढा आकडा मात्र कळवा. येणे खात्यातून वजा करायचा आहे.